गोल पिनेचा कीबोर्ड

६ जानेवारी, सोमवार

उंदरानं कीबोर्डची वायर तोडली! घरात एवढं भात पडलंय, ते सोडून मेल्याला वायर गोड लागली. लकवा झाल्यापासून यांची वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताच्या एका बोटानं त्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करतात — तेवढंच आमचं नवरा-बायकोचं बोलणं. मोबाइलची अक्षरं बारीक, बोट थरथरतं. आता?

७ जानेवारी, मंगळवार

किन्हवलीत मिळेना म्हणून शहापूरला गेले. दुकानदार हसला. "गोल पिनवाला? तो कवाच बंद झाला, ताई. यूएसबी न्या, चालंल." आणला. नाही चालला! पडद्यावर काय येतं — कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. अरे, कशानं दाबू? कपाळानं?

८ जानेवारी, बुधवार

पुन्हा शहापूर. त्यानं पिनेला लावायला गोल टोपी दिली. भोकात बसली. तरी नाही! म्हणतो, "मशिनच म्हातारं झालंय तुमचं, भंगारात टाका." टाकते — तुझ्यासकट!

हर्षितला फोन केला. "आई, पुढच्या महिन्यात नवीनच घेऊ ना." तोवर बापानं मुकं बसायचं?

९ जानेवारी, गुरुवार

आज यांनी माझे केस ओढले. मी यांचं अंग पुसत होते, तर डाव्या हातानं अंबाडाच धरला. हात झटकला. "मी काय ढोर आहे का ओढायला?" असं ओरडले. मग हे टेबलावर मूठ आपटत बसले. पाणी? — नाही. गोळी? — नाही. लघवी? — नाही! मीही ताट आपटलं. दोघंही जेवलो नाही.

११ जानेवारी, शनिवार

मुरबाडला मनालीकडे गेले, मावसबहिणीकडे. तिचा टायपिंगचा क्लास कधीच बंद पडलाय. माळ्यावरून कीबोर्ड काढून दिला. "ने गो, आमी कुटं वापरतो." धुळीनं माखलेला, पण गोल पिनेचा! घरी आणून लावला. लागला!!

यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, "घ्या, काढा काय राग काढायचाय तो." आणि मुद्दाम मागच्या दारी भांडी घासत बसले. टकटक ऐकू येत होती. बराच वेळ. वाचायला गेलेच नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी वाचलं.

"रत्ना, तुझ्या मानेवर केसांखाली गाठ आहे. तुला दिसत नाय. डॉक्टरला दाखव."

हात लावून बघितला. आहे.