तुझ्या बाजूच्या नळ्या

प्रिय मिस्त्री,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा होता तसाच आहे, धाकटीची परीक्षा संपली आणि ती दिवसभर लोळते आहे, मी धडधाकट. परवाच फोन झाला आणि आता हे पत्र कशाला, असं तुला वाटणार. पण फोनवर आपण बोलतो कुठे? तुझ्या मागे रांग उभी असते. तू विचारतोस जेवलीस का, मी म्हणते जेवले, मग तुला माझा आवाज येईनासा होतो, की झालं. परवा त्याच गडबडीत तू म्हणालास, कंपनी आणखी दोन वर्षांचा करार करायला तयार आहे, महिनाअखेर कळवायचं आहे, करू का सही? आणि मी म्हणाले, करून टाक, इथलं मी बघते. इतक्या सहज म्हणाले की मागे बसलेल्या आईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या सहीबद्दल लिहिणारच आहे. पण आधी आपल्या गाडीचं ऐक. धाकटीने तिचं नाव 'मावशी' ठेवलं तेव्हा तू हसला होतास, पण म्हातारपणी तिने खरोखरच एखाद्या हट्टी मावशीसारखा माझा जीव काढला.

झालं असं, की आईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी इस्पितळात नेत होते आणि चढावर मावशीचा दमच गेला. पाय पूर्ण दाबला तरी गाडी आपली रांगते आहे, मागे काळ्या धुराचा ढग, आणि सगळे हॉर्न मारतायत. वर पोचून ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. कशीबशी थांबवली. आई म्हणाल्या, मला इथेच उतरव, मी चालत जाते, लवकर पोचेन. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडून एक बारीक नळी चिमटीत धरली तर ती पापडासारखी मोडली. हवा ओढणाऱ्या सगळ्या व्हॅक्यूमच्या नळ्या वाळून कडक झाल्यात, म्हणाले, इंजिनाला जोर देणाऱ्या टर्बोला लागतो तसा ओढा मिळत नाही नि ब्रेकलाही नाही. काढून नव्या घालाव्या लागतील, ठेवून जा, सवड झाली की करतो. चांगला माणूस आहे, त्यांना नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी नळ्यांवरचे दोरे बघून विचारलं, ही काय जादूटोण्याची भानगड? आणि मला ते दोरे त्यांच्या कात्रीखाली द्यावेसे वाटेनात. गाडी रांगत रांगत घरी आणली.

आठवतं ना, दोरे कसे सुरू झाले ते? त्याच्याही आधी तू माझ्या दुकानात सीट कव्हर शिवून घ्यायला आला होतास. हिरव्या दोऱ्याने शिवा म्हणालास आणि लाल रीळ उचलून माझ्या हातात दिलंस. मला वाटलं, स्वारी आगाऊपणा करते आहे. मी पण हट्टाने लालच दोऱ्याने शिवलं. तू कव्हर घेऊन गेलास आणि वर हिरवा रंग छान निघाला म्हणून सांगून गेलास. तुला लाल-हिरवं सारखंच दिसतं हे कळायला मला लग्नाची तारीख ठरावी लागली. त्यामुळे मावशीच्या नळ्या पहिल्यांदा काढायची वेळ आली तेव्हा माझे रंग तुझ्या काही कामाचे नव्हते. मग आपण वाटणी केली. तू एका बाजूने वाकायचंस, मी दुसऱ्या बाजूने, मध्ये इंजिन. माझ्या बाजूच्या नळ्यांना मी रंगीत दोरे बांधायचे, तुझ्या बाजूच्यांना तू पांढऱ्याच दोऱ्याच्या गाठी मारायच्या, पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन. तुझी बाजू मी कधी शिकले नाही आणि माझी तू. शिकायची गरजच काय होती? डोकं वर केलं की समोर तू असायचास, नाकाला काळं लागलेलं.

गेल्या रविवारी दुपारी मी तुझा तो कोपरावर फाटलेला निळा शर्ट चढवला आणि बॉनेट उघडलं. बाजारातून नवी नळी आणली होती, लागेल तशी कापायची म्हणून लांबच लांब. माझी बाजू तासाभरात उरकली. जुनी नळी काढायची, तेवढीच नवी कापायची, दोरा सोडून नवीवर बांधायचा नि बसवून टाकायची. मग वळसा घालून तुझ्या बाजूला गेले. मिस्त्री, खरं सांगते, तिथे वाकल्यावर मला एकदम कसंसंच झालं. इतक्या वर्षांत त्या बाजूने मी इंजिन पाहिलंच नव्हतं. तू काय बघत होतास ते पहिल्यांदा पाहिलं. तिथून समोर माझी जागा दिसते.

बरं, रडून नळ्या बसत नाहीत. नळ्या चार, पण तुझ्या सगळ्या दोऱ्यांच्या गाठी तेलाने कुजून सुटल्या होत्या, आणि वेंधळेपणाने मी मधल्या दोन्ही नळ्या एकदमच उपटून बसले होते. कुठली दुसरी नि कुठली तिसरी? मी सरळ समोरच्या काचेकडून मोजलं आणि बसवून टाकल्या. दुसरीच्या तोंडात तू स्क्रू कोंबून ठेवतोस, एवढं तुझ्या बोलण्यातून लक्षात होतं, तोही आठवणीने कोंबला. गाडी चालू केली. काय सांगू तुला, आवाज ऐकूनच कळलं. ब्रेकचं पेडल मऊ, चढावर दम असा की आईंनी पुढची कडी घट्ट धरली. मी तर हवेतच होते. घरी आले, किल्ली फिरवली, काढली, पर्समध्ये टाकली. आणि मावशी चालूच!

किल्ली माझ्या हातात आणि इंजिन आपलं धडधडतंय. आई म्हणाल्या, अगदी तुझ्या सासऱ्यांसारखं, निघतो निघतो म्हणून उठायचे आणि दारात उभं राहून तासभर बोलायचे. तू कधी तरी दाखवलेला, इंजिनाच्या डिझेल पंपावरचा तो लाल खटका आठवला, म्हणून बरं. बॉनेट उघडून तो दाबला तेव्हा कुठे बाई गप्प झाली. तेव्हापासून आमची वरात बघायला लोक थांबतात. इस्पितळाच्या दाराशी आईंना उतरवायचं, मग खाली उतरून बॉनेट उघडायचं, खटका दाबायचा. तिथला रखवालदार आता मला बघितलं की आपणहून येतो, बॉनेट धरतो आणि विचारतो, आज तरी ऐकते का? धाकटी म्हणते, आई, आपण हिला बंद करायला एक माणूस ठेवू.

तुला फोनवर विचारता आलं असतं. विचारायचंही होतं. पण गच्ची गळायला लागली तेव्हा मी तुला कळवलं, तर तू आपल्या मित्राला पाठवून डांबर ओतून घेतलंस. पाण्याची मोटर जळली तर दुसऱ्याच दिवशी नवी मोटर दारात हजर. इतक्या लांबून तू सगळं दुरुस्त करतोस, मिस्त्री. तुझ्या त्या जनरेटरांच्या गोंगाटात बसून आमचा एक नळसुद्धा टपकू देत नाहीस. शेजारणी माझा हेवा करतात. मी त्यांच्यापुढे तोंडभरून तुझं कौतुक करते आणि घरात येऊन चडफडते, कारण मला मोटर नको होती.

काल, तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा तो निळा शर्ट घालत होते. नेहमीसारखी वरून बटणं लावत आले आणि खाली एक बटण उरलं. हे माझं नेहमीचंच. तुझं कधी चुकत नाही, कारण तू खालून सुरू करतोस. पेपर शेवटच्या पानापासून वाचतोस, जिना झाडायचा तर खालून वर झाडतोस आणि आईंच्या शिव्या खातोस. तशीच, चुकलेल्या बटणांनिशी मी खाली धावले. तू काचेकडून मोजलंच नसणार! तू पुढून, जाळीकडून मोजलं असणार. म्हणजे माझी दुसरी ती तुझी तिसरी. तो स्क्रू होता दारांच्या लॉकच्या नळीचा, जे लॉक आपण केव्हाच बाद केलं, आणि मी कोंबला होता इंजिन बंद करणाऱ्या नळीत. बिचारीला किल्लीचा निरोप पोचणार कसा? दोन नळ्यांची अदलाबदल केली. गाडी चालू केली. किल्ली फिरवली आणि मावशी पहिल्या झटक्यात गप्प झाली.

इतकी शांतता झाली, मिस्त्री, की वरच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. धाकटीने वरून टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी परत वाकले आणि इंजिन बंद करणारी ती नळी उपटून काढली. मनात आलं, राहू दे अशीच. तुला लिहावं की मावशी काही केल्या बंद होत नाही, तुझ्या बाजूचं काम आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही, तू ये. बराच वेळ ती नळी हातात धरून उभी होते. मग वाटलं, तू पुन्हा कुणाला तरी पाठवशील. आणि नाही पाठवलंस, स्वतः आलास, तर नळी बसवून परत जाशील. म्हणून मी ती नीट बसवली, दोरा बांधला, तुझ्यासारख्या गाठी मारल्या. तेव्हा ऐक, गाडी उत्तम चालते आहे. गच्ची कोरडी आहे, मोटर चालू आहे, आई बऱ्या आहेत, धाकटी माझ्या खांद्याला लागली आहे. तुला बोलवायला माझ्याकडे आता एकही कारण उरलेलं नाही आणि परवा फोनवर करून टाक म्हणाले ते साफ खोटं होतं. सही करू नकोस. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, तरी ये. मला तू समोर हवा आहेस.

तुझीच,
इंजिनच्या दुसऱ्या बाजूची