आत्ता की नंतर?

१० नोव्हेंबर
आलो एकदाचा तेलगावला! जिनिंगच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर ऑपरेटर झालोय. मालक अर्जुनराव मोकळ्या मनाचे आहेत. कापसाच्या गाड्यांची वजनं चोख घे, बाकी तू तुझा राजा, म्हणाले. राहायचं सध्या काट्याच्या खोलीतच. शेजारी भिवराबाईची टपरी आहे. तिनं पहिला चहा फुकट पाजला, वर म्हणाली, लई वाळलाय, बायकूला लवकर आन. आणतोच! रविवारी स्वप्ना आष्टीहून येतेय. लग्नाला चार महिने झाले, पण आमचा संसार अजून फोनवरच चाललाय.

११ नोव्हेंबर
कॉम्प्युटर पाहून कपाळावर हात मारला. शेवटचं अपडेट दोन वर्षांपूर्वीचं! पडद्यावर ‘आत्ता की नंतर?’ अशी पाटी येते आणि अर्जुनराव दरवेळी ‘नंतर’ दाबतात. बीडचे आमचे क्लासवाले सर सांगायचे, महिन्यातून एकदा अपडेट करावंच, सुरक्षेचं असलं तर त्याच दिवशी. मी ‘आत्ता’ दाबलं.
टेबलाखाली कुणाच्या तरी चपला आहेत. हमालांचा मुकादम शहादेव शपथेवर सांगतो, तुझ्याआधी इथं कुणीच न्हवतं. मग दोन वर्षांपूर्वीचं अपडेट केलं कुणी?

१२ नोव्हेंबर
भिवराबाईनं आज विचारलं, पाव्हनं, कोन्या गावचं? मला थट्टा वाटली. मीही हसत नव्यानं नाव सांगितलं. पण ती हसली नाही.

१४ नोव्हेंबर
आज दुसरं अपडेट आलं, केलं. तासाभरात शहादेवनं दारातच अडवलं. कोन बे तू? काट्यावर कावून बसलास? म्हणाला. काल रात्री याच्याच घरी पिठलं खाल्लं होतं मी! मला भीती वाटतेय. अपडेट झालं की कुणीतरी मला विसरतं.

१५ नोव्हेंबर
एका अपडेटमध्ये दोष राहिला तर पुढचं तो दुरुस्त करतं. मी हेच शिकलोय. आज तिसरं आलं. देवाचं नाव घेऊन ‘आत्ता’ दाबलं, सगळ्यांना पुन्हा आठवू दे म्हणून.
अर्जुनराव मला बाहेर काढायला माणसं घेऊन आले. मी कोण, हेच त्यांना — आतून कडी लावलीय.

१६ नोव्हेंबर, सकाळ
मी काही दाबलं नव्हतं. तरी रात्रीतून एक झालंच. आईला फोन केला. राँग नंबर म्हणून ठेवला तिनं.
पाटीवर आता ‘नंतर’ नाहीच. वायर उपटली — पडदा चालूच.
स्वप्नाला अजून आठवतोय मी. अहो, रडताय कावून, म्हणाली. बाराच्या एसटीनं निघतेय. एवढी एक राहू दे. बाकी सगळे गेले तरी चालतील.

दुपार
पुन्हा सुरू झालंय. पडदा फोडला — तरी काचांमध्ये ते अपडेटचं चक्र फिरतंय. फोन करतोय, करतोय — उचलत नाही —

थांबलं चक्र.

तिचा फोन आला. भाऊ म्हणाली मला. माझी स्वप्ना — भाऊ, कोन तुमी, सारखा फोन कावून करताय, माझं तर अजून लग्नच —