अकराव्या रकान्यातलं ‘निरंक’

प्रिय मुकादमीणबाई,

तुझा सुरक्षा आराखडा वाचून झाला. चौऱ्याण्णव पानं, दोन दिवस आणि एक पेन्सिल. दुपारी तुझा भाऊ तुझ्याकडे यायला निघेल, तेव्हा हे बाड त्याच्या हाती देतोय आणि त्यातच हे पत्र ठेवतोय. फोन का नाही केला, म्हणशील. काल फोनवर तू विचारलंस, की बाबा, तुम्ही आमच्याच कंपनीत सव्वीस वर्षं इमारतींना चढायच्या परांच्या बांधल्यात, तिथे कधी कुणी पडलं होतं का? अकराव्या रकान्यात ‘मागील अपघात’ लिहायचेत, खाली सही तुझी आहे आणि परवा टेंडर भरायचंय. मी घाईघाईने ‘छे, काही नाही’ म्हणून मोकळा झालो. त्याचं पुढे लिहितो. आधी कौतुक करू दे, त्याला फारसं बळ लागत नाही.

काय लिहिलंयस गं! तुमच्याकडे हे काम आजवर कसं व्हायचं ते मला ठाऊक आहे. जुन्या कामाचा आराखडा काढायचा, वरचं नाव बदलायचं, शिक्का मारायचा. म्हणून तर शहराच्या मध्यावर बांधायच्या या रुग्णालयाच्या आराखड्यातही ‘कामगार नदीत पडल्यास’ हे वाक्य तसंच राहिलं होतं. कधीकाळी पुलाचं काम केलं होतं, तिथलं ते. तीन टेंडरांतून ते वाक्य आरामात वाहत आलं, कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. तू पकडलंस. वर धाकट्या साहेबांना सुनावलंस म्हणे, नदी राहू द्या, तिथे प्यायच्या पाण्याचा नळ कुठे येणार ते आधी सांगा. तुझ्या भावाने हे सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की चहा शर्टावर सांडला.

तू चार वर्षांची असताना आईबरोबर माझा डबा घेऊन कामावर यायचीस. माझं हेल्मेट डोक्यावर चढवायचीस, ते थेट नाकापर्यंत यायचं, आणि तशीच आंधळ्यासारखी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दम भरायचीस, की ए, टोपी घाल! दगडासारखे गवंडी निमूट घालायचे. मुकादमीण हे नाव तेव्हाचं. मी मुकादम होतो खरा, पण माझं इतकं कुणी ऐकत नसे.

हसू थांबलं ते एकसष्टाव्या पानावर. सध्या बांधकाम चालू असलेल्या तुमच्या दुसऱ्या इमारतीत तू स्वतः स्ट्रेचरवर आडवी झालीस आणि सहाव्या मजल्यावरून स्वतःला खाली न्यायला लावलंस. चौदा मिनिटं लागली. मग तू लिहिलंयस, ‘जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकते, तिरके केल्यास जखमीचा पाय कठड्यावर आपटतो.’ हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. कारण तो पाय मला माहीत आहे. तो माझा आहे.

माझा डावा पाय स्कूटरवरून पडून मोडला, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. बिचारी स्कूटर फुकट बदनाम झाली. ती थाप निभावण्यासाठी मी तुला स्कूटर शिकू दिली नाही आणि कॉलेजची चार वर्षं तू बससाठी ताटकळलीस. तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं. ती माझ्यावर चिडायची, पण माझा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही.

खरं असं, की फळ्या कमी पडल्या की आम्ही खालच्या मजल्याच्या परांचीची फळी उसनी काढून वर लावायचो. सगळेच करायचे आणि जेवायच्या सुट्टीआधी परत बसवायचे. त्या दिवशी चौथ्या मजल्याची फळी मीच काढली आणि मीच विसरलो. तासाभराने त्याच फटीतून दुसऱ्या मजल्यावर आलो. लंबू गवंड्याने आणि आणखी एकाने मला एका दारावर घालून जिन्याने उतरवलं. पडताना हाडाला नुसती चीर गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. दोन तुकडे झाले ते त्या वळणावर.

थोरल्या साहेबांनी विचारलं होतं, नोंद काय करू? मीच हात जोडले, काही लिहू नका. फाटकावरच्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ मी रोज सकाळी माझ्या हाताने लिहायचो. दोनशे बारा झाले होते. ज्याच्या परांचीवर लोक डोळे मिटून चढायचे, तो मुकादम स्वतःच्याच चुकीने पडला, हे मला सहन होईना. साहेबांनाही ते सोयीचंच होतं. तेव्हापासून त्या रकान्यात ‘निरंक’ आहे.

पोरी, तू सही करण्याआधी विचारलंस. इतक्या वर्षांत त्या कंपनीत हे विचारणारी तू पहिली, आणि ती माझी लेक आहे, याचा मला इतका अभिमान वाटतो की कालच्या माझ्या उत्तराची लाज वाटली. तुझ्या सहीच्या वर माझं खोटं राहायला नको, एवढ्यासाठी हे पत्र. साहेब कुरकुरतील, कदाचित काम हातचं जाईल आणि खापर तुझ्यावर फुटेल. तरी ‘निरंक’ खोड आणि ‘एक’ लिही. तारीख या पत्राच्या मागे पेन्सिलीने लिहिली आहे, लंबूचा नंबरही आहे, तो साक्ष द्यायला तयार आहे. घेतलेला धडा म्हणून लिही, की एका मजल्याची फळी दुसऱ्या मजल्याला द्यायची नाही. बाकी त्र्याण्णव पानांत मला एकही चूक सापडली नाही.

तुझाच,
अनुक्रमांक एक,
बाबा