गाणं बंद करा, मग सांगते

१९ फेब्रुवारी १९८६, परंडा
सुशीला माहेरी ईटला जाऊन आज बारा दिवस. ईटवरून ना चिठ्ठी, ना निरोप.
त्या दिवशीचं लिहून ठिवतो, नायतर उद्या म्याच काहीबाही बदलून सांगंल. जेवायला बसलो व्हतो. ती काहीतरी सांगत व्हती. माझ्या डोक्यात नवी रेकॉर्ड, बोटं ताटाच्या काठावर ठेका धरून. ती मधीच थांबली. म्हणली, "म्या आत्ता काय बोलले?" सांगता येईना. पुन्यांदा इचारलं, "काय बोलले म्या?" न्हायच आलं. सकाळी पिशवी भरली अन् भूमची गाडी धरली. भांडण न्हाय, रडणं न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं.
काय बोलली असंल? घरी दुसरं कुणी न्हाय, इचारू कुणाला?

२६ फेब्रु.
रशीदचाचांच्या दुकानात दिवसभर. चाचांचे चार भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्डचं मशीन. दुसरं मशीन पाच वर्षं फळीवर मेलेलं. आज खाली काढलं. आत उंदरानं बाळंतपण केलेलं.
कालच्या लग्नात पुन्हा तेच. पोरं रंगात आलेली अन् रेकॉर्ड संपली. दुसरी लावूस्तवर हात वर केलेले तसेच उभे. एकानं बिडी पेटवली, दोघं पाण्याला गेले. मोडलेला नाच पुन्हा जमत न्हाय. नासलेलं दूध.
दोन मशीन पाहिजेत. एक संपायच्या आत दुसरं.

८ मार्च
मशीन नं. २ फिरलं! चाचा म्हणले, "क्या रे दत्तू, मुर्दे को जिंदा किया तूने."
एका अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही जोडली. मधी बटण. हिकडं केलं की एक नंबर, तिकडं केलं की दोन. पण दोन नंबर ऐन ठेक्यावर सुरू झालं पाहिजे. सकाळपासून पन्नास येळा केलं. पन्नास येळा गचका. शेजारचा शिंपी दारात आला. "दत्तोबा, एक तर गाणं वाजवा, न्हाय तर उचकी थांबवा."
हसलो. हे सुशीलाला सांगायला पाहिजे म्हणून उठलोसुद्धा.

१७ मार्च
सापडलं. युरियाच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद गोल कापला, रेकॉर्डखाली घातला. आता खालचं ताट फिरतं अन् वरची रेकॉर्ड बोटानं धरून ठिवता येते. ठेका जिथं सुरू व्हतो तिथं खडूची खूण. बोट सोडलं की पळाली.
अन् आणखी एक. भोंगा बंद असला तरी सुई सोताच बारीक वाजते. कान अगदी जवळ नेला की ऐकू येतं, मुंगीच्या लग्नाइतकं. म्हंजे भोंग्यात एक नंबर चालू असताना दोन नंबर मला एकट्याला ऐकू येतं.
चाचा म्हणले, "सब ठीक. लेकिन सुई को मत देख बेटा, पाँव को देख. नाचनेवाले के पाँव को."

२५ मार्च
दुपारी घरी आलो. हंडा रिकामा. टँकर येऊन गेला, मी दुकानात. शेजारच्या काकूंनी अर्धी घागर दिली अन् वर ऐकवलं, "सुशीला व्हती तवा नंबर चुकत नव्हता." खरं हाय.
भाकरी जमत न्हाय. तीन दिस झाले, चुरमुरेच.

२ एप्रिल
सायकलवर एक पाव्हणा आला. "ईटला सोळा मेचं लग्न हाय. दोन मशीनवाला तुमीच का? नाच मोडत न्हाय म्हणत्यात." लई बरं वाटलं. कुणाचं लग्न, काय, इचारलंच न्हाय. त्यानं सुपारी हातावर ठिवली, म्या खिशात टाकली. आमच्या धंद्यात सुपारी खिशात गेली की आभाळ पडलं तरी मोडायची न्हाय. सुपारी परत करणाऱ्याला पुन्हा कुणी बोलवत न्हाय.
ईट म्हणल्यावर एवढंच मनात आलं, की सु. दिसंल.

४ एप्रिल
बसलो दात काढून.
सासरे आले, दुकानातच. सोबत अक्षता. "पाव्हणं, रमेशचं धरलंय. सोळा मे. पोरीकडच्या गावात प्यायला पाणी न्हाय म्हणून लग्न आपल्या ईटलाच." रमेश म्हंजे सु.चा धाकटा भाऊ. माझा मेहुणा. सुपारी माझ्या खिशात, अन् ते अक्षता माझ्या हातावर ठिवतेत!
दूध सोसायटीचे सचिव हैत ते. म्हणले, "सोसायटीत दूध मापायची जागा हाय. भोंगा सोडा. अन् लग्नात जावयासारखं मांडवात बसा. टोपी-उपरण्याचा मान घ्या, चार माणसांत सुशीलाला घेऊन जा. माझं काय म्हणणं न्हाय."
म्या "व्हय मामा" म्हणलो. सुपारीचं तोंडातून निघालं न्हाय. "ती कशी हाय?" एवढं इचारलं. म्हणले, "बरी हाय. बोलत न्हाय फार."

१५ एप्रिल
काल जयंतीची मिरवणूक. बैलगाडीत दोन मशीन, चार भोंगे, बॅटऱ्या. सगळी बुद्धवाडी रस्त्यावर. निळा गुलाल. मशीन १, मशीन २, मशीन १... एक गचका न्हाय! दोन तास नाच मोडला न्हाय. पावलाकडं बघत व्हतो. पाय जड पडाया लागले की रेकॉर्ड बदलायची, चाचा बरोबर म्हणले.
एक म्हातारी गाडीला धरून चालत व्हती. म्हणली, "बाबा, तू न्हाय नाचत व्हय?" म्हणलं, "आजी, म्या नाचलो तर थांबंल की समदं." ती म्हणली, "व्हय की. मग एकटाच की रं तू."
घरी आलो. कानात ठेका चालूच. कुणाला सांगू? वहीला सांगतो. जमलं मला. जमलं.

३ मे
चाचांना सुपारीचं सांगितलं. डोक्याला हात लावला. "अपनी ही ससुराल की सुपारी? पूछा नहीं किसकी शादी?" न्हाय इचारलं. मी काय इचारतो कधी? दोन मशीन दुसऱ्या कुणाला येत न्हायत. चाचा जातो म्हणले, पण त्यांचा हात थरथरतो, सुई ठिवताना रेकॉर्डवर चरा पडतो. म्याच जातो म्हणलं. दोन्ही करीन. मशीनबी, मानबी.

१७ मे
काल झालं लग्न. सगळं लिहितो, जसं झालं तसं.
सकाळी भोंगे बांधताना सासऱ्यांनी बघितलं. तोंड फिरवून आत गेले. त्या सायकलवाल्या पाव्हण्यालाच ते म्हणले, "जावई बघा आमचे, भोंग्यामागं." तो नवरीचा मामा निघाला.
परण्याची मिरवणूक मारुतीच्या देवळाला निघाली. नवरदेव घोड्यावर, मशीन गाडीवर. पोरं, बाया, समदे. पारापाशी आल्यावर बायकांनी रिंगण धरलं, अन् त्यात सु. दिसली. तीन महिन्यांनी. वाळलीय. पहिल्यांदा कडंला टाळ्या वाजवत उभी व्हती. मग बहिणी-भावजयींनी ओढली.
सु. नाचताना म्या कधी बघितलीच नव्हती. दोन वर्षं लग्नाला. डोळे मिटून नाचते ती.
मनात एकच, की ही थांबू नये. सुई, खडू, कान, बोट. एकामागं एक सात रेकॉर्डी. तिचे पाय जड पडायच्या आत पुढची. घामानं डोळं चरचरत व्हतं. एवढं चांगलं म्या कधी वाजवलं न्हाय, पुढंबी वाजवीन का सांगता येत न्हाय.
अक्षता पडल्या. मांडवापुढं पुन्हा नाच. आत आहेर सुरू झाले. आहेराची नावं माईकवरून घ्यायची चाल. माईक माझाच, भोंगेबी माझेच. नाव आलं की गाण्याचा आवाज उतरवायचा, नाव झालं की चढवायचा. अन् आलं: "जावयांचा मान. परंड्याचे दत्तात्रय पाव्हणे, असतील तिथून मांडवात यावं."
म्या आवाज उतरवला. माझंच नाव, माझ्याच भोंग्यातून, लिंबाच्या झाडावरून. लोक माना वळवून जावई शोधाया लागले. मशीनकडं कुणी बघितलं न्हाय. फक्त सु.नं बघितलं.
नाव संपलं, आवाज चढवला.
दुसऱ्यांदा नाव. उतरवला, चढवला.
ती रिंगण सोडून गाडीपाशी आली. "अवो, तुमचं नाव घेत्यात."
"ऐकलं."
"मग?"
"रेकॉर्ड संपाया आली. ही लावतो अन् जातो."
मग म्याच इचारलं, तीन महिने पोटात व्हतं ते. "त्या दिवशी जेवताना काय बोलली व्हतीस?"
ती म्हणली, "गाणं बंद करा, मग सांगते."
समोर पन्नास माणूस नाचत व्हतं. बोट रेकॉर्डवर. एक नंबर संपत आलेलं. बोट उचलायचं न्हाय, एवढंच करायचं व्हतं. सुई शेवटच्या रेघेत जाऊन खरखरली असती, बस.
बोट उचललं.
दोन नंबर ऐन ठेक्यावर पळालं. पोरांनी आरोळी ठोकली. ती गेली.
तिसऱ्यांदा नाव घेतलं तवा आवाज उतरवला न्हाय. टोपी-उपरणं थोरल्या साडूला घातलं. निघताना सासरे एवढंच म्हणले, "सोसायटीची जागा भरली." जागंचं मला काय वाटलं न्हाय. त्या बोटाचंच वाटलं. माझ्यासारखा गाढव मीच.

२० मे
दोन सुपाऱ्या आल्या, बार्शीकडनं. कुणीतरी म्हणालं, ईटला तर कमालच केली म्हणं त्या माणसानं. नाव कुणाला ठावं न्हाय. दोन मशीनवाला म्हणत्यात.
जेवताना ताटावर बोट लागलं तर हात मागं घेतो. समोर कुणी न्हाय, तरीबी.

२२ मे
कार्ड आलं. सु.चं अक्षर. चारच ओळी.
"रविवारी साडेचारच्या गाडीनं येते. राहायला न्हाय. ते सांगायला येते. स्टँडवर तुमचा भोंगा ऐकू येतो. वाजत असला तर त्याच गाडीनं माघारी जाईन."
दहा येळा वाचलं. 'राहायला न्हाय' वर शाई जास्त सांडलीय.

२४ मे
उद्या रविवार, अन् उद्याचीच एक सुपारी चाचांनी घेतलेली. म्या न्हाय म्हणलो. जन्मात पहिल्यांदा. चाचांनी कार्ड वाचून घेतलं. सोता उठून सुपारी परत द्यायला गेले, या वयात, सायकलीवर. आल्यावर म्हणले, "दुकान को ताला. चिल्लाने दो लोगों को."

२५ मे, रविवार
टँकरचा नंबर धरला. हंडा भरला. भाकरी केल्या, दोन जळाल्या, दोन बऱ्या हैत.
दुपारपासून बसलोय. मशीन १ न्हाय, मशीन २ न्हाय. या खोलीला इतके आवाज हैत ठावं नव्हतं. काकूंचं जातं. पत्रा तापून कडकडतो. दुकानाकडनं शिंप्याचं मशीन, थांबतं, चालतं. ती रोज हेच ऐकत बसली असंल, एकटी, म्या बाजूला असतानाबी.
जातं ऐकता ऐकता बोट उंबऱ्यावर ठेका धराया लागलं. मुठीत आवळून धरलंय.
गाडीचा हॉर्न ऐकला आत्ता. साडेचारचीच असंल.
वही मिटतो. ती दारात यायची अन् म्या खाली मान घालून लिहीत बसलेला दिसायचो.