बर्फावरची दोन मिनिटं

बाई, तुम्ही बर्फाचं मैदान कधी पाहिलं नसणार. मी पाहिलं ते मस्कतमध्ये, जिथे मे महिन्यात थंड पाण्याचा नळसुद्धा अंग भाजतो. तिथल्या कुरुम भागात एका मोठ्या हॉलमध्ये बर्फाची जमीन केली होती, तिला सगळे रिंक म्हणायचे. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमची लेक तिथे आइस हॉकी खेळायला लागली. तुमच्या शाळेच्या कबड्डी संघातल्या राखीव मुलीची लेक, पायात पात्यांचे बूट, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, हातात वाकडी काठी, आणि रबराच्या काळ्या चकतीमागे सुटलेली! आम्ही आया बाहेरच्या उन्हातून आत शिरायचो आणि दारातच पिशवीतून स्वेटर काढून चढवायचो. हे, म्हणजे माझे यजमान, गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. संघातल्या सगळ्या मुलींच्या बुटांची पाती तेच घासून द्यायचे आणि सामन्याला चहाचा थर्मास घेऊन माझ्या शेजारी बसायचे. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. थर्मास आहे.

एका शुक्रवारी दुबईचा मुलींचा संघ आला होता. आम्ही एका गोलनं पुढे, सामना संपायला मिनिटभरही उरलेलं नाही, आणि त्यांची एक उंच मुलगी आमच्या लेकीला चुकवून गोलकडे निघते. तिच्या वाटेत आता आमची गोल राखणारी एकच मुलगी, तीही गडबडलेली. लेक मागून काठी पुढे घालते, त्या मुलीच्या पायात अडकवते, आणि ती पोर बर्फावर सपशेल आडवी. शिट्टी. चुकून नाही झालं ते, बाई. मी आई आहे, मला कळतं. आधी पाहिलं, मग काठी घातली. या खेळात असं केलं की दोन मिनिटं बाजूच्या खोक्यात बसायचं आणि संघानं तेवढा वेळ एक खेळाडू कमी घेऊन खेळायचं. ही आपण होऊन खोक्यात जाऊन बसली. तिची दोन मिनिटं भरायच्या आत सामनाच संपला. आम्ही जिंकलो. कोच, एक कॅनेडियन गृहस्थ, तिच्या हेल्मेटवर कौतुकाची टपली मारून गेले.

गाडीत हे खुशीत. "काय अडवलीस गं! खलास!"

"अडवली नाही, पाडली," मी म्हटलं.

"आई, ती गुड पेनल्टी असते. कोच सांगतात. गोल होण्यापेक्षा दोन मिनिटं बसलेलं बेटर." लेकीचं मराठी असंच, मध्येच इंग्रजीत घसरणारं. "मी पनिशमेंट घेतली ना? मग फिनिश."

"दंड भरला की झालं? तुझे बाबा कुरुमला दुकानांसमोर नको तिथे गाडी लावतात, दंड भरतात. म्हणून ती जागा त्यांची झाली?"

"घाईच्या वेळी झाली असं मी समजतो," हे म्हणाले.

मग मी लेकीला तुमची गोष्ट सांगितली. तालुक्याच्या मैदानावर शेवटचा सामना. आपली कॅप्टन चढाईला आलेल्या मुलीची वेणी धरून तिला मागे खेचते. पंचांना दिसत नाही. तुम्ही उठता, पंचांना स्वतः जाऊन सांगता, आणि कॅप्टनला बाहेर काढून मला आत पाठवता. मला! जिला तोवर तुम्ही फक्त पाणी द्यायला उभं केलं होतंत. पहिल्याच चढाईत मी बाद झाले आणि आपण हरलो. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या ओळीनं बसलो होतो, तुम्ही आंबोळ्या घालत होतात आणि कॅप्टनचं रडणं थांबत नव्हतं. "ताकद कमी पडून हरलीस तर मला चालेल," तुम्ही म्हणालात. "वेणी ओढून जिंकलेलं मला नको." आणि पहिली आंबोळी तिच्याच ताटात टाकलीत. "रड, पण खा. उपाशीपोटी रडू नये."

लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण ती हाइड करत होती, आई. मी सगळ्यांसमोर केलं."

दहावीनंतर माझं लग्न झालं, तरी तुम्ही लावलेलं वाचायचं वेड सुटलं नव्हतं. कोचकडून खेळाच्या नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. पाडू नये, असं त्यात कुठे म्हटलेलंच नाही. जो पाडेल तो दोन मिनिटं बसेल, एवढंच. दुकानातल्या भावाच्या पाटीसारखं वाटलं मला ते. लेकीचंही खरं होतं, लपवाछपवी नव्हती, भाव उघड होता. पण त्या भावात ती उंच मुलगी कुठेच नव्हती. आपटली ती, हुकला तिचा गोल. आमची लेक खोक्यात बसली यातून तिला काय मिळालं? हे तुम्हाला विचारायचं होतं, पण तोवर तुम्ही गेला होतात.

लेक म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी नाही करणार. पण मग कोच मला शेवटी शेवटी बाहेर बसवतील." त्या बर्फाइतकं तिला दुसरं काही आवडत नव्हतं, आणि ठरवायचं आलं माझ्यावर. पोळ्या लाटता लाटता एकदाचं सांगून टाकलं, "मुद्दाम पाडायचं नाही. धाव, पुढे जा, अडव. नाही जमलं तर होऊ दे गोल." तिनं कोचना तसंच सांगितलं. ते म्हणाले, बघू.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच दुबईचा संघ. बरोबरी आहे, शेवटचं मिनिट आहे, कोचनी लेकीला आत ठेवलंय, आणि तीच उंच मुलगी तशीच सुटली आहे. लेक मागे धावते आहे, काठी तिच्या पायाच्या अगदी जवळ. आणि अख्ख्या हॉलमध्ये एकच मराठी आवाज घुमतो, "पाड! अगं, पाड तिला!"

तो माझा होता.

लेकीनं पाडलं नाही. जीव खाऊन धावली, काठी चकतीपर्यंत पोचली नाही, गोल झाला, आम्ही हरलो. जाताना ती उंच मुलगी हिच्याशी काहीतरी बोलून, हसून गेली. आम्ही गाडीत बसलो. मग मागून आवाज आला, "आई, तू पाड म्हणालीस."

"नाही गं."

"बाबा, म्हणाली ना?"

यांना हसू आवरेना. राउंडअबाउटला आम्ही नुसते फिरत राहिलो, यांना बाहेरचं वळण घेता येईना. शेवटी गाडी बाजूला लावली, तीही नको तिथे. डोळे पुसत म्हणाले, "बाईंना बोलवा कोणीतरी! हिला बाहेर काढा, राखीव आहे का बघा." ते हसू मी जपून ठेवलंय, बाई. घर फार शांत झालं की काढून ऐकते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, नाहीतर तुम्ही लाल शाईनं शुद्धलेखन सुधारून परत पाठवलं असतंत. त्या दिवशी तू बरोबर केलंस, असं मी लेकीला आजही सांगते, आणि ते मनापासून सांगते. पण तुमच्यापाशी म्हणून बोलते. ती उंच पोर गोलकडे निघालेली आठवली की अजून माझ्या मुठी काठी धरल्यासारख्या आवळतात, आणि पाय आपोआप पुढे होतो.