दादाने बांधलेली काठी

जाम,
११ फेब्रुवारी १९५५

चि. सुमतीस अच्युतचे मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहे. अक्षर वाकडं दिसेल, उजव्या हाताला सूज आहे म्हणून डाव्याने लिहितोय. आईला मात्र घाईत लिहिलंय म्हणून सांग. तिचा खोकला कसा आहे?

सायकल गेली. सोमवारी भर दुपारी शाळेतून येताना तिघांनी नाल्याजवळ अडवलं. अशा वेळेसाठीच दादाने काठी दिली होती ना? रस्त्यात पडू नये म्हणून त्यानेच ती सायकलच्या दांडीला सुतळीने आवळून बांधली होती. मला ती गाठ सुटली नाही. त्यांनी विळ्याने सुतळी कापली आणि त्याच काठीने मला मारलं.

ठाणेदार म्हणाले, "मास्तर, काठी होती तं चालवली काऊन नाई?" मी डाव्या हाताने सही करून निघालो.

बोटं मिटत नाहीत, खडू धरवत नाही. चोर सापडतील असं कोणीच म्हणत नाही. शाळेत पायी जातो. वाट तीच आहे, दुसरी नाही.

दादा विचारेलच. काठी कामी आली, एवढंच सांग. कोणाच्या, ते सांगू नकोस.

तुझा भाऊ,
अच्युत