एफ-सहावरचा हत्ती

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एका दिवसात नऊ लिफ्ट तपासल्यास आणि त्यातल्या चार बंद करून आलीस, हे वाचून त्या इमारतीतल्या लोकांची कीव आली. जिने चढताना तुझा उद्धार करत असतील बिचारे. आपल्या पत्रांतल्या बुद्धिबळाच्या पटावरही तुझं हेच. आधी ब्रेक तपासायचे, मग दोर, आणि अगदीच जिवावर आलं तर एक प्यादं एक घर पुढे.

दुकान चालू आहे. हल्ली मी घड्याळांचे पट्टे आणि सेल बदलायचंच काम घेतो. बारीक कामाला लोक परस्पर दुसरीकडे जातात, जाऊ देत. तुझ्या आईने डोळ्याच्या ऑपरेशनचा घोशा लावलाय. उजवा डोळा काचबिंदूने गेला तो गेला. आता डाव्यातला मोतीबिंदू पिकलाय, उशीर करू नका, असं डॉक्टर म्हणतात. एकच डोळा शिल्लक असताना त्याला हत्यार लावू देऊ? मला व्यवस्थित दिसतं. हे ताईला तूही जरा समजावून सांग.

क्लबात सध्या इतिहासातल्या सर्वांत आक्रमक खेळाडूंची यादी करतोय. पहिला ताल, त्यावर वाद नाही. दुसरा अँडरसन. दोन्ही हत्ती, एक उंट आणि वर वजीर देऊन त्याने उरल्यासुरल्या मोहऱ्यांनी मात केली होती. तिसरा मला नेझमेत्दिनोव हवा. ग्रँडमास्टर हा किताब त्याला कधी मिळाला नाही, पण त्याने तालला हरवलं होतं. निवृत्त पोस्टमास्तर मात्र मॉर्फीसाठी अडून बसलेत. चार दिवस आमचं बोलणं बंद आहे.

माझी चाल : हत्ती एफ-सहावरचा घोडा मारतो.

लोभ आहेच, माझ्या खवचटपणामुळे तो आटू देऊ नकोस.

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

पत्राला उशीर झाला, कारण तुझी चाल. घोड्यासाठी अख्खा हत्ती! प्याद्याने तो मारला तर माझा राजा उघडा पडतो. तुझा उंट त्या बाजूला डोळे लावून बसलेलाच आहे आणि वजिराला पोचायला एक चाल पुरते. सहा संध्याकाळी पट मांडून बसले. ह्यांनी दोनदा विचारलं की घरात कोणी आजारी आहे का. पत्रातला डाव फोनवर बोलायचा नाही हा आपला नियम नसता, तर तुला फोन करून दयेची भीक मागितली असती.

शेवटी हत्तीला हात लावायचा नाही असं ठरवलं. ताल असा बळी द्यायचा तेव्हा समोरच्यांचं काय होत असेल ते कळलं.

माझी चाल : राजा कोपऱ्यात, एच-आठवर.

ऑपरेशनबद्दल आईला मी काही सांगणार नाही, कारण मला तिचंच पटतं. मागच्या पत्रात तुझ्या ओळी उताराला लागल्या होत्या. तारीख घे ना, मामा.

राग मानू नकोस, लोभ तेवढा मान.

तुझी भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

अगं, तुझं लक्ष कुठे असतं? घोडा उघड्यावर टाकलेला, मी आपला उचलला, आणि तू बळी काय, ताल काय, काय वाट्टेल ते लिहिलंस! फुकटच्या घोड्याला बळी म्हणत नाहीत. वर राजाही कोपऱ्यात कोंडलास. हत्ती मी एफ-सहावरच निवांत बसवलाय, तिथे त्याला हात लावणारं कोणी नाही.

माझी चाल : वजीर एच-पाचवर. पुढच्या चालीला मात आहे, सांभाळ.

आता सांग, डोळे कोणाचे तपासायला हवेत? तुझं पत्र ताईला वाचून दाखवलं. घोडा उघडा पडलाय हे हिला दिसलं नाही, मला दिसलं, असं तिला ठणकावून सांगितलं. डॉक्टरांनी २० मार्चची तारीख दिली होती, ती रद्द करायला पुढच्या आठवड्यात फोन करतोय. यादीत मॉर्फीला चौथा घेतला, पोस्टमास्तर चहा पाजायला लागलेत.

लोभ दुप्पट कर, मी जिंकतोय.

तुझा मामा

२३ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

घोडा उघडा नव्हता. जी-सातवर माझं प्यादं होतं, पहिल्या चालीपासून तिथेच आहे. काळ्या घरातलं काळं प्यादं. घोडा उंच म्हणून तुला दिसला, हे बुटकं दिसलं नाही. तू हत्ती बळी दिला नाहीस, मामा. तू तो न बघता ठेवलास. आणि मी लगेच मारायला हवा होता. तू वजीर आणला असतास तर तेच प्यादं एक घर पुढे सरकवून तुझ्या उंटाची वाट बंद करता आली असती. तालसमोर बसलेल्यांच्या डोक्यावर घड्याळ तरी चालू असायचं, माझ्याकडे सहा दिवस होते. मी घाबरले, एवढंच. तुला दिसलं नाही आणि मला दिसूनही हात उचलला नाही.

माझी चाल : प्यादं एफ-सहावरचा हत्ती मारतं.

यानंतर तू मला एका चालीत मात करतोस, हे मला ठाऊक आहे. हेच प्यादं जी-सहावर ढकललं असतं तर तुझ्या वजिराला हुसकावून अजून पाच-सात चाली तग धरला असता. पण मग ते तिथे होतं हे तू कधीच मान्य केलं नसतंस.

तू शिकवलेला हा डाव मी आजवर असा कधी हरले नव्हते. तारीख रद्द करू नकोस. ऑपरेशनमध्ये धोका आहे, हे मी लपवत नाही. पण असंच राहिलास तर डोळा जाणारच आहे, फक्त सावकाश.

वाईट वाटलं तर वाटू दे. माझा लोभ कमी होणार नाही.

भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

दहा दिवस तुझ्यावर संतापलो होतो. तुझं पत्र आलं तेव्हा पटाजवळ गेलो आणि जी-सातवर बोट टेकवलं. प्यादं हाताला लागलं.

खरं सांगतो. तीन महिन्यांपूर्वी एका बाईंचं घड्याळ उघडलं आणि त्यातला स्क्रू माझ्याकडून हरवला. समोरच पडला होता म्हणे, त्यांनीच उचलून दिला. तेव्हापासून पट्टे आणि सेल. आयुष्यभर हत्ती-वजीर देत आलो आणि क्लबात मला सगळे धाडसी म्हणतात. पण ते लाकूड होतं गं. डोळ्याचं नाव काढलं की मी घाबरून विषय बदलतो.

तारीख रद्द केलेली नाही. फोन उचलला होता, तुझं पत्र आल्यावर ठेवला. ताई येऊन राहिली आहे. तू येऊ नकोस आणि फोनवर विचारूही नकोस, तू रडलीस तर मी टेबलावरून उठून पळेन. ताईलाही काही कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे.

तुझी चाल मी पटावर ताईकडून लावून घेतली. माझी चाल राखून ठेवतो. न बघता आता एकही चाल पाठवणार नाही. पट दिसला तर पत्र येईल.

लोभाचं यावेळी खरंच बघ.

मामा

२ एप्रिल

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

ताई लिहून देते म्हणत होती, मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं. काळ्या घरांतली काळी मोहरी दोनदा मोजली. प्यादं एफ-सहावर आहे. त्याच्या डोक्यावरचा रंग उडालाय, हे मला माहीत नव्हतं.

माझी चाल : वजीर एच-सातवरचं प्यादं मारतो. मात.

तुझा मामा